मोकळेपणाने बोला, बघून घेऊ

काही प्रश्न असे असतात की त्यांचं उत्तर द्यायचं नसतं. जेवायला बोलावलेल्या घरी वहिनी विचारतात, "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" लग्नघरी मुलीकडचे विचारतात, "प्रवासात काही त्रास नाही ना झाला?" आणि आमच्या बँकेत मीटिंगच्या शेवटी, वेफर्सच्या बशा रिकाम्या झाल्या की साहेब विचारतात, "कोणाला काही सूचना करायच्या आहेत का? अगदी मोकळेपणाने बोला."

पहिल्या दोन प्रश्नांचं एक बरं असतं. खारट भाजी 'छान झालीय' म्हणून गिळली तर रात्री दोन तांबे पाणी जास्त प्यावं लागतं, एवढंच. तिसऱ्या प्रश्नाला आपण जे गप्प बसतो ते मात्र मिनिट्समध्ये जातं. 'सर्व उपस्थितांनी प्रस्तावाचे उत्स्फूर्त स्वागत केले.' सतरा वर्षांच्या नोकरीत मी इतक्या प्रस्तावांचं उत्स्फूर्त स्वागत केलं आहे की उद्या नोकरी गेली तर एखाद्या मंगल कार्यालयाच्या दारात गुलाबपाणी शिंपडायचं काम मला सहज मिळेल.

माझं कुणी ऐकत नाही, अशी ही तक्रार नव्हे. माझं घरीही कुणी ऐकत नाही आणि घर व्यवस्थित चाललं आहे. माझी तक्रार निराळी आहे. ऐकायचं नसेल तर विचारता कशाला? पूर्वीचे साहेब सरळ सांगायचे, "तुम्हाला पगार लिहिण्याचा मिळतो, विचार करण्याचा नाही." मग माणूस घरी जाऊन, हातपाय धुऊन, बायकोजवळ साहेबाला चार शिव्या हासडायचा आणि शांत झोपायचा. आताचे साहेब असं बोलत नाहीत. तसं बोलू नये असं त्यांना ट्रेनिंग मिळालेलं आहे. आता सूचना पेटी आहे, पोर्टल आहे, हेल्पलाइन आहे, वर्षातून एकदा सर्व्हे आहे, आणि टाऊन हॉल नावाचा एक प्रकार आहे. त्यात टाऊनही नसतं आणि हॉलही नसतो. जो तो आपापल्या शाखेत संगणकासमोर बसून वरिष्ठांच्या कपाळाचा वरचा अर्धा भाग तासभर पाहत असतो. पूर्वी न ऐकायला एक माणूस पुरायचा. आता त्यासाठी एक स्वतंत्र खातं लागतं, त्याला एक जनरल मॅनेजर लागतो आणि त्याच्या केबिनला एसी लागतो.

वरून खाली जे येतं त्याला परिपत्रक म्हणतात. परिपत्रकाचं पहिलं वाक्य मागच्या परिपत्रकाकडे बोट दाखवतं, मागचं त्याच्या मागच्याकडे. असं मागे मागे जात राहिलं तर माणूस शेवटी हम्मुराबीच्या शिलालेखापाशी पोचेल आणि तिथेही वर 'उपरोक्त विषयास अनुसरून' असंच कोरलेलं असेल, अशी माझी खात्री आहे. शेवटचं वाक्य ठरलेलं: 'याची सर्वांनी गांभीर्याने नोंद घ्यावी.' कशाची, हे मधल्या तीन पानांत असतं. ती पानं कुणी वाचत नाही, आणि वाचली तर प्रश्न पडतात, म्हणून वाचू नयेत असा आमच्याकडे जुना संकेत आहे.

परिपत्रकातल्या एका अक्षराने काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. १७७३ साली नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा हुकूम होता, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला आणि ते 'मारावे' झालं, अशी आख्यायिका आहे. इतिहासकारांना काय म्हणायचं ते म्हणोत. कारकुनाच्या नजरेला त्या गोष्टीत दिसतं ते वेगळंच. हुकूम हातात पडल्यावर एकाही गारद्याने "सरकार, या अक्षरात खाडाखोड दिसतेय, एकदा विचारून येऊ का?" असं म्हटलं नाही. आमच्याकडे चेकच्या रकमेत खाडाखोड असली तर चेक परत जातो. माणसाच्या जिवाचा कागद होता, तो बिनबोभाट वटला.

आणि हे पेशवाईतच होत होतं असं नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्याची बातमी बँकेतल्या माणसांना जनतेबरोबरच टीव्हीवर कळली. ते एक वेळ समजू शकतो, गुप्तता पाळायची होती. पण पुढे पन्नास दिवस सूचनांची जी झड लागली ती कुणापासून गुप्त ठेवायची होती? काढायची रक्कम आज ही, परवा ती. मधूनच बोटाला शाई लावा. १९ डिसेंबरला आदेश निघाला, की पाच हजारांच्या वरच्या जुन्या नोटा यापुढे एकदाच भरता येतील. आणि त्याही 'आजवर का भरल्या नाहीत?' असं निदान दोन बँक अधिकाऱ्यांसमोर विचारून, उत्तर लिहून घेऊन, ते समाधानकारक वाटलं तरच. आता ३० डिसेंबरपर्यंत मुदत आहे, घाई करू नका, हे सरकारनेच सांगितलेलं. 'तुम्ही सांगितलंत म्हणून थांबलो' यापेक्षा समाधानकारक उत्तर ब्रह्मदेवाला तरी सुचलं असतं का? २१ डिसेंबरला, म्हणजे दोनच दिवसांनी, केवायसी पूर्ण असलेल्या खात्यांपुरता तो आदेश मागे घेतला गेला. काढण्याआधी देशातल्या कुठल्याही शाखेतल्या कुठल्याही कॅशियरला एक फोन केला असता तर त्याने तो अर्ध्या मिनिटात मागे घेऊन दाखवला असता. पण कॅशियरला फोन करायचा नंबर कुणाकडे नसतो.

खालून वर जाते त्या भाषेत अक्षरं नसतात, फक्त आकडे असतात. अक्षरं कुणीतरी वाचायला लागतात, आकडा नुसता बघितला तरी चालतो. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. हेतू चांगला. ज्याने बँकेची पायरी कधी चढली नाही त्याचं खातं उघडायचं. कोट्यवधी खाती उघडली गेली आणि त्यांतली पुष्कळशी रिकामी राहिली. यात आश्चर्य ते काय? ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून खातं उघडलं, त्याच्या खात्यात पैसे नाहीत. पण वरून विचारणा सुरू झाली: तुमच्या शाखेत शून्य शिलकीची खाती इतकी का? मग काय झालं ते सप्टेंबर २०१६ मध्ये वर्तमानपत्रात आलं. सरकारी बँका आणि त्यांच्या ग्रामीण बँका मिळून एक कोटीहून जास्त जनधन खात्यांत बरोबर एक रुपया शिल्लक होती. कोणी स्वतःच्या खिशातून टाकला होता, कोणी शाखेच्या किरकोळ खर्चातून.

त्या एका रुपयावर मी पुष्कळ विचार केला आहे. फसवणूक म्हणाल तर कुणाचा एक पैसा बुडाला नाही, उलट गरिबाला रुपया मिळाला. पण 'साहेब, शून्य ही चूक नाही, शून्य ही बातमी आहे' हे वाक्य वर पाठवण्यापेक्षा हजारो सुशिक्षित, परीक्षा पास झालेल्या माणसांना खिशातला रुपया काढणं सोपं वाटलं. सगळ्यांना एकाच वेळी, गावोगाव, एकमेकांना न विचारता. हा काही दोनचार लबाडांचा उद्योग नव्हे.

आपल्याकडेच असं चालतं, अमेरिकेत नाही, असं म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांच्यासाठी सांगतो. नेमक्या त्याच महिन्यात तिकडच्या वेल्स फार्गो या बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलर दंड झाला. तिथे प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात बँकेच्या आठ वस्तू मारायच्या असा ध्यास होता. आठच का? तर इंग्रजीत 'एट'चं 'ग्रेट'शी यमक जुळतं. लोकांना आठ वस्तू नको असतात, म्हणून काउंटरवरच्या माणसांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडून टाकली. बँकेने काही वर्षांत सुमारे ५,३०० माणसांना काढलं. आणि त्या बँकेत गैरप्रकार कळवायची हेल्पलाइन नव्हती असं समजू नका. होती. तिच्यावर फोन करणाऱ्यांपैकी काहींनाच डच्चू मिळाल्याचं पुढे उघड झालं. २०१७ मध्ये अशा एका व्यवस्थापकाला परत कामावर घ्या, असा हुकूम तिथल्या कामगार खात्याला काढावा लागला. यमक जुळवणाऱ्याला मात्र ते सुचलं तेव्हा टाळ्या मिळाल्या असणार.

हेल्पलाइनवरून सर्व्हेवर येतो. आमच्याकडे दर वर्षी 'आपण आपल्या कामात किती रमला आहात?' असा सर्व्हे होतो. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. 'माझे वरिष्ठ माझे म्हणणे ऐकून घेतात.' 'मला रोज सकाळी कामावर येण्याची ओढ वाटते.' (ही ओढ कोणी पाच देऊन नोंदवली तर त्याच्या घरी काय चाललंय याची चौकशी करावी असं मला वाटतं.) वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: 'हा सर्व्हे संपूर्णतः अनामिक आहे.' त्याच्या खाली पहिला रकाना: कर्मचारी क्रमांक. अनुभवी माणसं सगळीकडे चार देतात. पाच दिले तर चमचा ठरतो, तीन दिले तर असंतुष्ट. गेल्या वर्षी मुदत संपायच्या आदल्या दिवशी शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला: 'खालील कर्मचाऱ्यांनी अद्याप अनामिक सर्व्हे भरलेला नाही.' खाली नावं.

आम्ही हसलो. पण हसण्यासारखं नेहमीच नसतं. राष्ट्रीय महामार्गांच्या कामावर सत्येंद्र दुबे नावाचे एक तरुण अभियंता होते. २००२ साली त्यांनी कामातल्या गैरप्रकारांबद्दल थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गया शहरात त्यांचा खून झाला. तपासात तो लुटीचा प्रकार ठरला, २०१० साली तिघांना न्यायालयाने दोषी ठरवलं. त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण ज्या टेबलांवरून ते पत्र फिरलं, तिथल्या प्रत्येकाने त्याच्यावर एक शेरा मारला असेल, तारीख घातली असेल, सही केली असेल. आणि 'नाव गुप्त ठेवावे' ही ओळ प्रत्येकाने वाचली असेल. फायलीचा माणूस असल्यामुळे मला ते टेबल डोळ्यांसमोर दिसतं. त्यानंतर २०१४ साली अशा लोकांच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. मग पुढची कित्येक वर्षं तो अमलात यायचा राहूनच गेला. कायद्यालाही योग्य मार्गानेच यावं लागत असेल.

आमच्या शाखेत एक अधिकारी होते. शाखाधिकारी ते थोरले साहेब, म्हणून यांना सगळे धाकटे साहेब म्हणत. वयाने हे थोरल्यांपेक्षा अकरा वर्षांनी थोरले. निवृत्तीला अडीच वर्षं राहिलेली. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिला दोरा बांधलेला. अत्यंत निरुपद्रवी माणूस. स्टेपलर मागतानासुद्धा "तुमचं काम झालं असेल तर" म्हणणारा.

मार्च महिना होता. मार्चमध्ये बँकेत शिरलेला सज्जन माणूस विमा न उतरवता बाहेर पडणं हे शाखेला कमीपणाचं वाटतं. एक बाई आल्या. वय बहात्तर. यजमान शिक्षक होते, ते गेल्यावर फॅमिली पेन्शन महिना अठरा हजार. दोन लाखांची मुदतठेव पुरी झाली होती, ती पुन्हा ठेवायची होती. बाई बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत मुदतठेवीच्या पावतीऐवजी विम्याचे कागद होते. पॉलिसी नातवाच्या नावाची, हप्ता दर वर्षी दोन लाख, पाच वर्षं. मी बी.कॉम. आहे, पण हा हिशेब चौथीतला मुलगाही करील. पेन्शन वर्षाला दोन लाख सोळा हजार. हप्ता वजा जाता बाईंना वर्षभर जगायला उरले सोळा हजार. महिन्याला तेराशे तेहतीस रुपये.

धाकट्या साहेबांनी हे संध्याकाळी कागद तपासताना पाहिलं. आरडाओरडा केला नाही. नियमाप्रमाणे नोट लिहिली, तारीख ४ मार्च. ग्राहकाची गैरसमजूत झालेली दिसते. पॉलिसी नको असल्यास परत करायची मुदत पंधरा दिवसांची आहे (तेव्हा तेवढी होती). ती संपण्याआधी ग्राहकाला लेखी कळवण्याची परवानगी मिळावी. चार ओळी. तुम्ही विचाराल, त्यांनी बाईंना सरळ फोन का केला नाही? केला. दोनदा केला. बाई मुलाकडे नागपूरला गेल्या होत्या आणि फॉर्मवरचा मोबाइल शेजारणीचा होता.

थोरल्या साहेबांनी नोटेवर 'कृपया चर्चा करावी' असा शेरा मारला. धाकटे चर्चेला गेले तर थोरले मीटिंगला गेलेले; विम्याच्याच. मग नोट विभागीय कार्यालयात गेली. तिथून 'योग्य मार्गाने यावी' म्हणून परत. योग्य मार्गाने पुन्हा वर. तिथे 'बाब विमा कक्षाशी संबंधित' असा शेरा पडला. विमा कक्षाने 'शाखेचा अभिप्राय घ्यावा' असं सुचवलं. नोट धाकट्या साहेबांच्या टेबलावर परत आली ती १४ एप्रिलला. एकेचाळीस दिवस. तिच्यावर सात शेरे होते. बाईंचं नाव एकातही नव्हतं. सातवा शेरा असा: 'सदर अधिकाऱ्याने अधिक सकारात्मक दृष्टिकोन बाळगणे अपेक्षित आहे.'

धाकट्या साहेबांना कुणी एक शब्दही वाकडा बोललं नाही. हेच तर नव्या पद्धतीचं वैशिष्ट्य. त्यांना दोन दिवसांच्या 'संघभावना आणि सकारात्मकता' शिबिराला पाठवण्यात आलं. तिथे सत्तावन्न वर्षांच्या त्या माणसाला डोळे बांधून मागे पडायला लावलं. सहकारी आपल्याला झेलतात, असा विश्वास यावा म्हणून. झेललं म्हणे. जूनमध्ये बदलीची ऑर्डर आली. कारण: प्रशासकीय निकड. गाव असं की तिथे एसटी सकाळी जाते आणि तिच्या मनात असेल तर संध्याकाळी परत येते. निरोप समारंभ झाला, शाल-नारळ झाला. थोरले साहेब भाषणात म्हणाले, "असे स्पष्टवक्ते अधिकारी हे बँकेचं भूषण आहे." भूषण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेलं.

पुढच्या मार्चमध्ये बाई आल्या, नेमक्या माझ्या खिडकीवर. हातात हप्त्याची नोटीस. "अहो, हे दर वर्षी भरायचं असतं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मग काचेतून इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "ते चष्म्याला दोरा बांधलेले साहेब दिसत नाहीत. त्यांना विचारते मी, ते नीट सांगतात."

शाळेत आपण मुलांना रामशास्त्र्यांची गोष्ट मोठ्या हौसेने शिकवतो. राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, न्यायासन सोडलं आणि पुण्याबाहेर पडले. मुलं टाळ्या वाजवतात. तीच मुलं मोठी होऊन नोकरीला लागली की आपण त्यांना सांगतो, "बाबा रे, प्रोबेशन संपेपर्यंत काही बोलू नकोस." प्रोबेशन संपल्यावर प्रमोशन असतं, प्रमोशननंतर बदली, बदलीनंतर पेन्शन. रामशास्त्र्यांना पुढे बारभाईंनी सन्मानाने परत बोलावलं, हेही खरं. पण प्रत्येक शाखेला बारभाई कुठून आणायचे?

यावर वरिष्ठांचं उत्तर तयार असतं. "प्रत्येकजण आपापलं मत सांगत बसला तर संस्था चालेल कशी? शिस्त नको?" शिस्त हवी. मी शिस्तीचा भोक्ता आहे. पण ज्यांना शिस्तीची एवढी काळजी आहे त्यांनी एकदा संध्याकाळी कॅश बंद करताना आमच्या शाखेत येऊन बसावं. दहा रुपयांचा फरक लागला तर कुणी घरी जात नाही. व्हाऊचरं पुन्हा चाळली जातात, बंडलं पुन्हा मोजली जातात, टेबलाखाली वाकून बघितलं जातं. "दहा रुपयांसाठी काय एवढं, सकारात्मक दृष्टिकोन ठेवा," असं तिथे कुणी म्हणत नाही. आणि ज्याने फरक शोधून काढला त्याची बदली होत नाही. त्याला चहा मिळतो. एक माणूस नोंद करतो ती दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. तपासणारा हा करणाऱ्याचा शत्रू आहे असं कुणाला वाटत नाही. स्ट्राँगरूमची किल्ली एकाच्या हाती देत नाहीत. एकट्या माणसावर विश्वास टाकू नये हे शहाणपण बँकेने पैशाच्या बाबतीत केव्हाच पत्करलं आहे. रकमेत फरक निघाला की रात्री नऊपर्यंत शोध, आणि मतात फरक निघाला की माणूसच खात्यातून वजा. हा कुठला हिशेब?

बरं, वरच्या मजल्यावर काय चालतं ते पाहा. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ११८ सांगतं, की संचालक मंडळाच्या सभेत एखाद्या ठरावाला कुणी संचालकाने विरोध केला तर त्याचं नाव इतिवृत्तात लिहा. म्हणजे लाखो रुपये घेणाऱ्याचा विरोध नोंदवणं हे कायद्याने आवश्यक, आणि आमचा विरोध म्हणजे वृत्तीतला दोष! राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकांच्या १९७० च्या कायद्यात तर संचालक मंडळावर एक कामगारांचा आणि एक अधिकाऱ्यांचा प्रतिनिधी बसवायची तरतूद आहे. सुंदर तरतूद आहे. अनेक बँकांत त्या खुर्च्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. खुर्ची ठेवायची, माणूस बसवायचा नाही. देवघरात समई ठेवायची, वात लावायची नाही.

यात युनियनवाल्यांनी हसू नये. त्यांची पत्रकं मी फलकावर रोज वाचतो. 'सर्व कॉम्रेड्सनी गांभीर्याने नोंद घ्यावी.' युनियनच्या सभेत एकाने वर्गणीचा हिशेब विचारला तर तो 'फुटीर' ठरला. मॅनेजमेंट निदान शाल तरी देते. आणि तुम्ही, वाचक, आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या कंत्राटाबद्दल विचारणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांना (प्रत्येक सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक जोशी असतात) 'विघ्नसंतोषी' म्हणून मोकळे होता की नाही? सभा लवकर संपून बटाटेवडे मिळावेत म्हणून हात वर करता की नाही? लिफ्ट अडकते तेव्हा आत जोशी नसतात. ते जिन्याने जातात.

माझी मागणी फार मोठी नाही. पगारवाढ मागत नाही, संचालकाची खुर्चीही मागत नाही. पेटी, पोर्टल, टाऊन हॉल, शिबिरं सगळं बंद करा, डोळे बांधून पाडायचा खर्च वाचवा, आणि प्रत्येक शाखेत शंभर पानी एक रजिस्टर ठेवा. नाव ठेवा 'मतभेद रजिस्टर'. रकाने पाच. तारीख, कोणाचं म्हणणं, काय म्हणणं, मान्य की अमान्य, अमान्य असल्यास कारण आणि कारण देणाऱ्याची सही. सात दिवसांत पाचवा रकाना भरला नाही तर ऑडिटरने तांबड्या शाईत फरक काढावा, जसा दहा रुपयांचा काढतो तसा. अमान्य करा, हजारदा करा. माझ्या कित्येक सूचना अमान्य करण्याच्याच लायकीच्या असतील. पण 'सकारात्मक दृष्टिकोन' हे कारण चालणार नाही, आणि ज्याने लिहिलं त्याची वर्षभर बदली नाही. बाईंची नोट या रजिस्टरात असती तर सातव्या दिवशी, म्हणजे ११ मार्चला, कुणाला तरी आपल्या सहीने लिहावं लागलं असतं: 'कळवू नये.' त्या सहीला माणूस शोधून मिळाला नसता, अशी माझी अटकळ आहे.

ही सूचना मी नीट कागदावर उतरवून काढली, खाली नाव, हुद्दा आणि कर्मचारी क्रमांक घातला, आणि शाखेतल्या सूचना पेटीत टाकायला गेलो. पेटी भरलेली होती. कागद अर्धा आत, अर्धा बाहेर राहिला. पेटी रिकामी करावी म्हणून किल्लीची चौकशी केली तेव्हा कळलं की किल्ली हरवू नये म्हणून ती एका पाकिटात घालून, पाकीट लाखेने बंद करून पेटीतच टाकलेलं आहे. तशी लेखी नोंद आहे, दोन अधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी.